बाणावर बर्फ

प्रश्न सातवा, गुण आठ.
बेंझिनपासून तयार करा
एक-तीन-पाच ट्रायब्रोमोबेंझिन.
एवढंच.
खाली कोरी जागा, घणसोलीच्या खाडीत
ओहोटीनंतर उघडा पडतो तसल्या चिखलासारखी.
चालून बघितल्याशिवाय कळत नाही
पाय कुठे रुतणार ते.

मी चालून बघितलं.
एक ब्रोमीन बसवला, तर दुसरा
शेजारी जाऊन बसतो, नाहीतर थेट समोर.
मला हवा एक घर सोडून.
तिथे तो बसत नाही. स्वभावच नाही त्याचा.
वहीची मागची पानं संपली,
मग कॅलेंडरचा फेब्रुवारी फाडून उलटा केला.
षटकोन, षटकोन, खोडलेले षटकोन.
आई म्हणाली, घरात मधमाश्या पाळल्यास काय?

गेल्या सत्रात या पेपरात एकतीस.
एटीकेटी.
मावशीला वाटतं हा एखादा कोर्स आहे,
आणि आईने तो गैरसमज
नीट झाकण लावून ठेवलाय.

कुरियन मॅडम म्हणतात, "उलटी जा.
पुढून नको येऊ. विचार त्याला,
तू काल कोण होतास?"
सगळा वर्ग हसला, "उलटी"वर.
मीही हसले.
पण बेलापूर रोडने घरी येताना
ते वाक्य सुटेना.
ही काचेची इमारत, काल कोण होती?
रंगाचा कारखाना.
आणि परवा?
आमचं भाताचं खाचर, असं आजोबा सांगायचे,
बोट दाखवून, पार्किंगच्या तिसऱ्या खांबाकडे.
गेटवर निळ्या गणवेशात बसलेला माणूस
काल कोण होता, ते मला ठाऊक आहे.
त्याच्या नखांच्या कडा
मी शाळेत जाईपर्यंत नारिंगी होत्या.

रात्रपाळीला निघताना पप्पा
वहीवर वाकले. सगळ्या पानात
त्यांना एकच शब्द ओळखीचा निघाला,
खोडलेला.
"ॲनिलिन? ह्ये आमच्याकडं ड्रमनं यायचं."
मग काय करायचात त्याचं?
"बर्फ."
बर्फ?
"लाद्या फोडायच्या, टाकीत टाकायच्या.
काटा पाचाच्या वर गेला की शिव्या.
मग नायट्राइट, बारीक धारेनं. घाई नाय.
तयार झाला की लगेच दुसऱ्याशी जोडायचा,
त्याशिवाय रंग नाय."
आणि नाही जोडला तर?
"थांबत नाय तो. फसफसून जातो.
एकदा बर्फाची गाडीच आली नाय,
अख्खी बॅच गेली."

गेली.
मी पेन्सिल धरून तशीच बसले.
म्हणजे जाऊ शकतो तो.
म्हणजे आधी त्यालाच आणायचं,
त्याच्या शब्दावर तिन्ही ब्रोमीन
बसतात मुकाट, एक घर सोडून,
आणि मग बर्फात उभं करून
त्याला म्हणायचं, आता नीघ.
तो निघतो. बुडबुडे होऊन,
हवेत आधीच इतका आहे की
वाढलेला कुणाला कळणारही नाही.
उत्तरात त्याची खूण नसते.
फक्त ते तिघे असे का बसले
याचं दुसरं कारण सापडत नाही.

पाच बाण.
पप्पांनी डबा उचलत विचारलं, सगळं हाताला लागतं का शेवटी?
मी हिशेब केला: प्रत्येक पायरीला ऐंशी टक्के धरले
तर उरतात तेहतीस.
"लय झाले," ते म्हणाले. "आमच्याकडं
गटारातसुद्धा लाल पाणी जायचं."

चप्पल घालताना परत वळले.
"बाणावर बर्फ लिहिलास का?"
शून्य ते पाच अंश, लिहिलं.
"आकडा नको. बर्फ लिही.
आकडा कोण फोडतंय?"

ते गेल्यावर मी बर्फ लिहिलं,
मग खोडलं, गुण कापतील म्हणून,
मग पेन्सिलीने बारीक
परत.

प्रश्न आठवा. गुण दहा.
टोल्युइनपासून तयार करा